संस्कृतीचे बळ आणि तिची मर्यादा

पायातील बेडी तुटली तरी मनातील बेडी तुटतेच असे नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्यात सांस्कृतिक राष्ट्रवाद पुढे आला तो या जाणिवेतूनच. कॅलिफोर्नियातील मौलाना करेंगा हे त्याचे प्रमुख प्रवक्ते. गुलामगिरीने हिरावलेली नावे, भाषा आणि इतिहास परत मिळविल्याखेरीज राजकीय मुक्ती अशक्य, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६६ च्या डिसेंबरात त्यांनी सुरू केलेला ‘क्वान्झा’ हा उत्सव ऐक्य, स्वयंनिर्णय, सहकारी अर्थव्यवहार अशा सात तत्त्वांवर उभा आहे.

या विचाराची खरी कसोटी लागली ती न्यू जर्सी राज्यातील नेवार्क शहरात. १९६७ च्या जुलैत तेथे झालेल्या उद्रेकात २६ माणसे मृत्युमुखी पडली. कृष्णवर्णीयांची संख्या मोठी. महापौरपद आणि पोलीसदल मात्र गोऱ्यांच्या हाती. कवी-नाटककार अमिरी बराका यांनी आफ्रिकी नावे, नाटके आणि मुलांसाठी शाळा यांच्याद्वारे वस्तीवस्तीत कार्यकर्ते घडविले. शाळांचा भार मुख्यत्वे स्त्रियांनी वाहिला. चळवळीने त्यांना बरोबरीचे स्थान मात्र दिले नाही. १९६९ साली कृष्णवर्णीय व प्वेर्तो रिकन यांच्या संयुक्त परिषदेने उमेदवार ठरविले आणि १९७० साली केनेथ गिब्सन हे नेवार्कचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. ज्यांना कवितेने मते मिळत नाहीत असे वाटत होते, त्यांना हे चोख उत्तर होते.

परंतु सत्ता हाती येताच मर्यादाही उघड झाल्या. बराकांच्या संघटनेने आखलेल्या ‘कवाइदा टॉवर्स’ या गृहप्रकल्पास १९७२ पासून शेजारच्या गोऱ्या रहिवाशांनी कडवा विरोध केला. महापौर कृष्णवर्णीय असूनही ती इमारत उभी राहिली नाही. ज्यांच्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरांचा आक्षेप असाच होता : वेश पालटल्याने भाकरीचा प्रश्न सुटत नाही. हा मतभेद विकोपास जाऊन १९६९ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात दोन पँथर करेंगांच्या अनुयायांकडून मारले गेले. या वैरात तेल ओतण्याचे काम अमेरिकेच्या केंद्रीय तपासयंत्रणेने केले, हेही पुढे सिद्ध झाले. १९७४ साली स्वतः बराकांनीच सांस्कृतिक राष्ट्रवाद सोडून मार्क्सवाद स्वीकारला.

म्हणून सांस्कृतिक राष्ट्रवाद व्यर्थ ठरत नाही. स्वतःला क्षुद्र मानणारा समाज संघटित होत नाही, आणि त्याला ताठ उभे करण्याचे काम नेवार्कमध्ये संस्कृतीनेच केले. पण उभा राहिलेला माणूस घर मागतो, रोजगार मागतो. केवळ वंशाचा अभिमान त्या मागणीस पुरा पडत नाही. तेथे अर्थकारणाचा कार्यक्रमच लागतो.