भट्टीविना बेकरी

‘अभ्यास केला नाहीस, तर हॉटेलात कपबशा विसळाव्या लागतील’ हा धाक मराठी घरांतून पिढ्यानपिढ्या घातला जातो. पाव भाजणे, अन्न रांधणे आणि ते चार माणसांना नीट वाढणे ही कामे म्हणजे अभ्यासात मागे पडल्याची शिक्षा होय, अशी समजूत त्यामागे असते. माध्यमिक शाळेत बेकरी व अन्नसेवेचे शिक्षण द्यावयाचे म्हटले की, ही समजूतच प्रथम आडवी येते.

रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी तर ती अधिकच. लातूर तेथून वीसेक किलोमीटरवर. ‘लातूर पॅटर्न’ने गुणवत्ता यादीपासून वैद्यकीय प्रवेशापर्यंत जो दबदबा निर्माण केला, त्याची ओढ पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या वाटेने शेवटपर्यंत जाणारे थोडे. दहावी-बारावीला थांबणाऱ्या मुलामुलींच्या हाती शाळेने काय दिले, याची चौकशी निकालाच्या दिवशी कोणी करीत नाही.

धोरणांची मात्र वानवा नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळविण्याचे ठरविले; १९९२ साली हीच उद्दिष्टे १९९५ आणि २००० पर्यंत पुढे ढकलण्यात आली. टक्केवारी तीच, साल तेवढे बदलले! २०२० च्या धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेतील जो अंदाज उद्धृत केला आहे, त्यानुसार १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामगारांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले पाच टक्क्यांहूनही कमी होते. जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के होते.

घोडे अडते ते वेळापत्रकात. शाळेची तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची. पावाचे पीठ मळावयाचे, यीस्टने फुगू द्यावयाचे, गोळे करून पुन्हा फुगू द्यावयाचे आणि मग भट्टीत सारावयाचे, याला तीन-चार तास लागतात. पीठ घंटेसाठी थांबत नाही. हिवाळ्यात ते सावकाश फुगते, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पाहता पाहता आंबून जाते. हे परीक्षेत लिहिता येईल, पण हाताला कळणार नाही. भट्टी नसलेल्या वर्गात बेकरी शिकविणे म्हणजे कोरड्या विहिरीत पोहणे शिकविणे होय.

दुसरी अडचण हिशेबाची. बेकरीवाला सारी प्रमाणे मैद्याच्या वजनावर मोजतो. मैदा १०० धरला तर पाणी साधारण ६०, मीठ दोनच्या आतबाहेर. एक किलो मैद्याचा गोळा सोळाशे ग्रॅमच्या वर भरतो आणि त्यातील दहाएक टक्के वजन भाजताना वाफ होऊन जाते. जळणाला किती लागले? विकला न गेलेला पाव कापून, पुन्हा भाजून त्याचा टोस्ट केला, तर तोटा कितपत भरून निघाला? शेकडेवारी, सरासरी, खर्च आणि नफा हे सारे गणित एका घाण्यात सापडते. मात्र शाळेला विक्रीची मुभाच नसेल, तर तो हिशेब खोट्या आकड्यांचा राहतो. ज्वारी पिकविणाऱ्या या मुलखात एकट्या ज्वारीचा पाव का फुगत नाही, हेही मुलांनी करूनच पाहावे. ज्वारीत ग्लुटेन नाही. गव्हाच्या पिठात मिसळून किंवा बिस्किटांत मात्र ती चालते.

गावोगावी बेकऱ्या निघाल्या तर माल खपणार कोठे, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. प्रशिक्षणाने मागणी निर्माण होत नाही. म्हणूनच केवळ पावापुरते शिक्षण न ठेवता स्वच्छता, साठवण, पंगतीचे नियोजन आणि ग्राहकाशी बोलणे यांचा त्यात समावेश हवा. पुढे जाऊ इच्छिणाऱ्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे.

याहून गंभीर धोका वेगळाच आहे. गणितात कच्च्या मुलांना तेवढे इकडे लोटले, तर हा नापासांचा वर्ग ठरेल आणि त्यात भूमिहीनांची व दलितांची मुले अधिक दिसतील. मग शाळेनेच जुनी उतरंड नव्या नावाने उभारल्यासारखे होईल. जर्मनीत बेकरीचे शिक्षण तीन वर्षांचे असते. विद्यार्थी विद्यावेतन घेऊन बेकरीत काम करतो आणि व्यवसायशाळेतही जातो. तेथे त्याला कोणी अनुत्तीर्ण समजत नाही. येथे निदान नववीच्या सर्वच मुलामुलींना, हुशार म्हणविणाऱ्यांनाही, वर्षातून काही दिवस भट्टीपुढे उभे करावे.

प्रत्येक शाळेला भट्टी परवडणार नाही, हे उघड आहे. तीन-चार शाळांत मिळून एक भट्टी, आठवड्यातून एक सबंध सकाळ, आणि गावातील एखाद्या जाणत्या बेकरीवाल्याला मानधन एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. त्याच्याकडे पदवी आहे की नाही, हे पाहण्याचे कारण नाही. पहिला घाणा बहुधा करपेल. तो कोणाच्या खात्यावर टाकावयाचा, एवढे मुख्याध्यापकांनी आधी ठरवून ठेवावे.