कोकणकड्यावरचं इंद्रवज्र

अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणाऱ्या इंद्रवज्राची, म्हणजे धुक्यावर आपल्या सावलीभोवती उमटणाऱ्या रंगीत वलयाची, गोष्ट निघाली की ते कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ मध्ये पाहिलं, हे हमखास येतं. त्यातलं साल जरा सैलच आहे. दख्खनच्या हवामानावरचा साईक्सचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ मध्ये छापला. साहेब त्याआधीच विलायतेला परतला होता. वर्णन मात्र झकास. पाठीशी क्षितिजालगतचा सूर्य, समोर कड्याला भिडलेलं कोकणातलं धुकं आणि त्यावर रंगीत वर्तुळात साहेबाची, घोड्याची, नोकरांची सावली. या आपल्याच सावल्या, हे नोकरांना काही पटेना. त्यांनी हातपाय झाडून खात्री करून घेतली.

साईक्सने याला गोल इंद्रधनुष्य म्हटलं, आजही लोक म्हणतात. पण इंद्रधनुष्याची त्रिज्या ४२ अंशांची असते. इंद्रवज्राची वलयं हात लांब करून पंजा पसरला तर झाकली जावीत एवढीच.

इंद्रधनुष्य कागदावर रेघा ओढून समजावता येतं. किरण थेंबात शिरतो, वाकतो, मागच्या बाजूवरून उलटतो, बाहेर पडतो. इंद्रवज्राला हीच आकृती लावली की घोडं अडतं. थेंबाच्या काठाला घासून शिरलेला किरणही आल्या वाटेने परतत नाही. सुमारे १४ अंश कमी पडतात. ती तूट प्रकाश लाट म्हणून भरून काढतो. हवा-पाण्याच्या सीमेला चिकटून तो थेंबाच्या अंगावरून थोडा सरपटतो आणि मग सुटतो. याचं पक्कं गणित ब्राझीलचे भौतिकशास्त्रज्ञ नुसेन्झ्वाइग यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडलं. थेंबाच्या सगळ्या काठावरून अशा लाटा माघारी येतात आणि एकमेकींत मिसळतात. शिखरावर शिखर आलं तिथे उजेड, शिखर खळग्यात पडलं तिथे अंधार. हेच व्यतिकरण, पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर रंग खेळतात तेही यानेच. तांबड्याची तरंगलांबी मोठी, म्हणून तो बाहेरच्या कडेला, निळा आत.

गंमत म्हणजे प्रकाश आला त्या दिशेलाच परततो, म्हणून वलय ज्याच्या त्याच्या डोक्याभोवती. शेजारच्या मित्राची सावली दिसते, पण बिनवलयाची. तो तुमच्याबद्दल तेच म्हणत असतो.

कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळ हवी आणि खाली ढग. थेंब सारखे असले तर दोन-तीन वलयं मोजता येतात. लहानमोठे मिसळले की रंग एकमेकांवर सांडतात, थेंब आकाराने वाढले की वलय आकसतं. दरीतून वारा जोरात उसळला तर धुकं पठारावर चढतं आणि सूर्यच झाकतो.