जवारी

जवारी (जव्हारी असाही उच्चार रूढ आहे) म्हणजे तंबोरा, सतार यांसारख्या तंतुवाद्यांच्या घोडीला दिलेला अतिसूक्ष्म उतार आणि त्या उतारामुळे तारेच्या नादाला येणारा झंकार. हा उतार घडविण्याच्या कामाला 'जवारी काढणे' म्हणतात. सांगली जिल्ह्यातील मिरज हे या कामाचे महाराष्ट्रातील प्रमुख केंद्र होय.

नादाचे कारण

व्हायोलिनसारख्या वाद्यात तार घोडीच्या अरुंद कडेवर टेकते, म्हणून तिच्या कंपनाचे टोक स्थिर राहते. तंबोऱ्याची घोडी रुंद व किंचित बहिर्वक्र असते. छेडलेली तार तिला ओझरता स्पर्श करीत राहते आणि स्पर्शाची जागा पुढेमागे सरकते. त्यामुळे वरचे उपस्वर पुन:पुन्हा जागे होतात. तार ज्या निस्पंद बिंदूवर छेडावी, तेथील उपस्वर उमटू नये असा सर्वसाधारण नियम आहे. तंबोरा तो पाळत नाही, याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये लक्ष वेधले. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा 'स्वयंभू गंधार' हा तिचा पाचवा उपस्वर होय. जवारी बिघडलेल्या तंबोऱ्यात तो शोधूनही सापडत नाही.

घोडी बसविणे व जवारी काढणे

तारांच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात आणि नाद बसका किंवा कर्कश होतो. चरे उथळ असल्यास घोडी घासून पुन्हा जवारी काढतात. मात्र दर वेळी तिची उंची थोडी घटते, आणि शेवटी नवी घोडी बसवावी लागते.

घोडी सहसा तबलीला चिकटविलेली नसते, तारांच्या दाबानेच ती जागी राहते. तिचे पाय तबलीच्या गोलाईवर सर्वत्र टेकले नाहीत तर पुढची सारी मेहनत व्यर्थ जाते. याकरिता तबलीवर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर करून ठेवतात आणि त्यावर घोडी घासून तिचे पाय तबलीच्या आकाराचे करून घेतात. त्यानंतर कानस हाती येते. उतार इतका अल्प असतो की तो डोळ्यांस जवळजवळ दिसत नाही. कारागीर चार-दोन हात फिरवून तार चढवितो, स्वरात मिळवितो, ऐकतो, उतरवितो आणि पुन्हा घासतो. तार स्वरात असल्याखेरीज परीक्षा होत नाही, कारण ताण बदलला की स्पर्शही बदलतो. जोडीच्या पोलादी तारा व खर्जाची जाड पितळी तार यांची जाडी आणि आंदोलन निरनिराळे असल्याने प्रत्येक तारेखालचा भाग स्वतंत्रपणे घडवावा लागतो. अखेरीस तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा किंवा रेशमाचा धागा सरकवीत नाद जेथे 'उघडतो' ती जागा शोधतात. या धाग्याला 'जीव' म्हणतात, आणि ते नाव अगदी सार्थ आहे.

पियानोची गोष्टही फार वेगळी नाही. तारांवर आपटून हातोड्यांच्या फेल्टवर चरे पडतात. ते घासून काढतात, कडक झालेले फेल्ट सुयांनी टोचून मऊ करतात, आणि फार झिजल्यास हातोड्याच बदलतात. तेथे हातोडीचे तारेपासूनचे अंतर व ती सुटण्याची जागा मोजून ठरविता येते. जवारीला कानाखेरीज माप नाही, आणि एकदा जास्त घासले गेलेले हाड परत भरता येत नाही.

सतारीत वादकाच्या आवडीनुसार खुली किंवा बंद जवारी ठेवतात. विलायत खाँ यांची सतार बंद जवारीसाठी प्रसिद्ध आहे.

मिरजेची परंपरा

एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील कारागीर येथे वाद्यनिर्मितीकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतील आद्य नाव मानले जाते. धातू घासण्याचे कसब अंगी असलेल्यांच्या हाती कानशीचे हे काम यावे, यात नवल नाही. वाद्यासाठी लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) यांचे वास्तव्यही मिरजेत होते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

घोडीसाठी पूर्वी सांबरशिंग व हस्तिदंत वापरीत. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या व्यापारावर बंदी आल्यापासून जनावरांचे हाड, शिसवीसारखे लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. प्रत्येकाचा कठीणपणा निराळा असल्याने कानशीचा हातही त्यानुसार बदलावा लागतो.