विमानाचं इंजिन मध्येच मिसिंग करतंय? 🛩️
कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं सहा आसनी विमान २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात झळकलं. भिलाईकर हौशी मंडळींनो, अशा घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन मधूनच मिसिंग करत असेल तर:

🔧 बहुतेक विमानी पिस्टन इंजिनांत दर सिलिंडरला दोन प्लग आणि इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात. एकेका मॅग्नेटोवर इंजिन चालवून पाहा. एकावरच धडधड? दोष त्याच बाजूच्या प्लग, वायर किंवा मॅग्नेटोत.
🔧 दोन्हींवर सारखीच? इंधन-हवेचा मार्ग तपासा.
🔧 फक्त तापल्यावर? मॅग्नेटोची कॉइल, कंडेन्सर बघा. आपल्याकडच्या मे महिन्यात नळीतच पेट्रोलची वाफ होऊ शकते.

⚠️ स्विच बंद असला तरी पंखा हाताने फिरवू नका. मॅग्नेटोच्या अर्थिंगची वायर तुटलेली असली तर इंजिन अचानक सुरू होऊ शकतं. कारण सापडेपर्यंत उड्डाण नाही!