पवनारचा आशीर्वाद आणि यवतमाळची कबुली

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली आणि देशावर आणीबाणी लादली गेली. खुद्द मंत्रिमंडळाला ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. दरवर्षी जून आला की प्रस्थापित वृत्तपत्रे तुरुंगात गेलेल्या पुढाऱ्यांच्या आठवणी छापतात. आम्हाला मात्र दिल्लीपेक्षा वर्धा जिल्ह्यातल्या पवनारबद्दल बोलायचे आहे. कारण हुकूमशाही नुसत्या पोलिसांच्या दंडुक्यावर उभी राहत नाही. तिला कुणातरी महात्म्याचा आशीर्वाद लागतो आणि त्या आशीर्वादापुढे मान तुकवणारी जनताही लागते.

त्या वेळी पवनार आश्रमात विनोबा भावे यांचे वर्षभराचे मौन चालू होते. या मौनातूनच ‘अनुशासन पर्व’ हे दोन शब्द बाहेर आले. सरकारने ते उचलले आणि गावोगावच्या भिंतींवर रंगवले. २५ डिसेंबर १९७५ ला मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की, अनुशासन आचार्यांचे असते, सत्तेचे असते ते शासन. जानेवारी १९७६ मध्ये पवनारलाच आचार्यांचे संमेलन भरले. देशातली परिस्थिती पूर्ववत करा, असे त्याने सांगितले. बाईंनी ते ऐकले नाही. इथपर्यंत विनोबांना दोष देता येणार नाही, असे कुणी म्हणेल. पण पुढचे पाहा. त्याच १९७६ साली विनोबांनी गोवधबंदीसाठी ११ सप्टेंबरपासून उपोषणाची घोषणा केली. ती बातमी छापणाऱ्या आश्रमाच्या ‘मैत्री’ मासिकाच्या प्रती पोलिसांनी जप्त केल्या. तरीही सरकार हलले, राज्याराज्यांतून कायद्यांची आश्वासने आली, महाराष्ट्रात कायदाही झाला. म्हणजे या शस्त्रात धार होती! मग गाईसाठी उपसलेले हे शस्त्र विनाचौकशी कोंडलेल्या हजारो माणसांसाठी म्यानातच का राहिले? हा प्रश्न आम्ही विचारणारच.

पवनारजवळच सुरगाव आहे. या गावात विनोबा एके काळी रोज मैला साफ करायला जात. ऑक्टोबर १९७६ मध्ये तिथेच प्रभाकर शर्मा या वृद्ध सर्वोदयी कार्यकर्त्याने आणीबाणीच्या निषेधार्थ स्वतःला जाळून घेतले. पवनारचे दोन शब्द देशभर गेले. सुरगावच्या आगीची बातमी सेन्सॉरच्या कात्रीतून सुटली नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत नेमका हाच इशारा दिला होता. धर्मातली भक्ती कदाचित मुक्ती देईल. राजकारणातली भक्ती मात्र अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे ते म्हणाले होते.

त्या भक्तीची किंमत कुणी मोजली? १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्ती झाली ती ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती त्याच्यावर. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. सर्वोच्च न्यायालयानेही २८ एप्रिल १९७६ ला हात वर केले. पाचांपैकी एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळे उभे राहिले आणि पुढे त्यांचे सरन्यायाधीशपद हुकले. तो निकाल रद्द व्हायला २०१७ उजाडले.

आता जबाबदारीचे काय? १९७७ मध्ये शहा आयोग नेमला गेला. जानेवारी १९७८ मध्ये इंदिरा गांधी आयोगापुढे हजर झाल्या, पण शपथेवर साक्ष द्यायला त्यांनी नकार दिला. त्याच महिन्यात वर्ध्याला लागून असलेल्या यवतमाळात जाहीर सभा झाली आणि तिथे त्यांनी आणीबाणीची सगळी जबाबदारी आपली असल्याचे सांगून टाकले. सभेतल्या कबुलीला टाळ्या मिळतात. तिथे उलटतपासणी नसते, शिक्षाही नसते. शपथेवर बोलले की दोन्ही मागे लागतात. विदर्भ भोळा, त्याने टाळ्या वाजवल्या. १९७७ ला उत्तर भारताने काँग्रेसला साफ झोपवले असताना वर्ध्याने तिचाच खासदार दिल्लीला पाठवला होता, हेही विसरू नये.

आणि आपली माणसे? रिपब्लिकन पक्षाचा गवई गट काँग्रेसच्या सोबत राहिला. पँथर नामदेव ढसाळांनी त्याच काळात ‘प्रियदर्शिनी’ लिहिली. दलितांना बाईंचा आधार वाटत होता, हे कारण आम्हाला समजते. पण घटनेचा शिल्पकार ज्यांचा बाप, त्यांच्या पुढाऱ्यांना कलम २१ निलंबित झाल्याचे दिसत नव्हते काय? काँग्रेसवाल्यांना विचारतो तो प्रश्न या पुढाऱ्यांना विचारला की चळवळीत फूट पडते म्हणे!

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने एवढे झाले की मंत्रिमंडळाच्या लेखी सल्ल्याशिवाय आणीबाणी लावता येत नाही आणि जीविताचा हक्क निलंबित करता येत नाही. माणसे मात्र सुटली. १९८० मध्ये बाई परत आल्या, खास न्यायालये गुंडाळली गेली, शहा आयोगाचा अहवाल दिसेनासा झाला. तो पुन्हा लोकांपुढे आला २०१० मध्ये, तामिळनाडूच्या इरा सेझियन यांनी आपल्याजवळच्या प्रतीवरून छापला तेव्हा.