दऱ्या की दर्या?

परवा घाटात एका पाटीवर वाचलं, 'खोल दर्या, वाहन सावकाश चालवा'. दर्या म्हणजे समुद्र! घाटात असतात त्या दऱ्या.

हा फरक दाखवतो 'ऱ', म्हणजे खाली टिंब असलेला र. त्याचा पाय मोडून पुढे य किंवा ह जोडला, की पापणीसारखी वळणदार आडवी रेघ उमटते. पायऱ्या, वाऱ्यावर, कुऱ्हाड, वऱ्हाड.

कुठे काय लिहायचं, ते कानच सांगतो. 'सूर्य', 'कार्य' म्हणताना मागच्या अक्षरावर जोर येतो, तिथे रफार. 'सुऱ्या', 'पायऱ्या' म्हणताना तसा जोर येत नाही, तिथे ऱ्य.

वृत्तात लिहिणाऱ्यांनी तर हे जपायलाच हवं. 'दर्या'तला द गुरू, 'दऱ्या'तला लघू.

आणि आचार्यांना बोलावलं तर गुरुजी येतील, आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाकी!

हिंदीला या रूपाची गरज पडत नाही. नेपाळीत मात्र ते आहे.

युनिकोडमध्ये 'ऱ'ला ०९३१ हा स्वतंत्र क्रमांक आहे. इन्स्क्रिप्टवर शिफ्ट दाबून र ची कळ दाबा, मग हलन्त, मग य.

तुमच्या फोनवर 'ऱ' सापडत नसेल, तर कोणता कीबोर्ड वापरता ते लिहा. मिळून शोधू.