गव्हाविना रमजान

रमजानमध्ये मगरिबच्या अजानआधीचा अर्धा तास आमच्या परळच्या इमारतीत ताटांचा असतो. रुमालाखाली झाकलेली ताटं जिन्यावरून वर जातात, खाली येतात. समोसे, भजी, कापलेली फळं, कुणाकडचा मालपुवा. आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही आणि आलेलं अन्न नाकारायचं तर मुळीच नाही, हा आमच्याकडचा अलिखित कायदा. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला तो मोडायला शिकावं लागलं. तेव्हा ती दहा वर्षांची होती.

त्याआधीची दोन वर्षं आठवली की अजून अपराधी वाटतं. वर्गात सगळ्यांत बुटकी तीच. सतत थकलेली. सारखं तोंड यायचं, पोट फुगायचं. रक्त कमी म्हणून लोहाचं औषध चालू होतं, पण हिमोग्लोबिन जागचं हलत नव्हतं. एका डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. दुसऱ्यांनी ‘मुलगी नीट जेवत नाही’ असं मलाच सुनावलं. मग मी तिच्या मागे लागून एकाऐवजी दोन चपात्या भरवू लागले. नेमकी ती चपातीच तिला बाधत होती. हे कळलं एका पोटविकारतज्ज्ञांनी केलेल्या रक्ततपासणीतून आणि पाठोपाठच्या एंडोस्कोपीतून. आजाराचं नाव सीलिअ‍ॅक.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणकेला चिवटपणा येतो तो त्याच्यामुळे. सीलिअ‍ॅक असलेल्या माणसाचं शरीर हे ग्लुटेन पोटात गेलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषणारे बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, ते झिजून सपाट होतात. मग लोह, कॅल्शियम काहीच नीट अंगी लागत नाही. पोटाची तक्रार फारशी नसतानाही केवळ न हटणारा अ‍ॅनिमिया किंवा खुंटलेली उंची एवढंच लक्षण असू शकतं. ही अ‍ॅलर्जी नाही आणि वजन कमी करण्याची फॅशनही नाही. यावर औषध नाही. उपाय एकच, ग्लुटेन आयुष्यभर बंद.

हा उपाय सापडला त्याची गोष्ट रमजानच्या पानावर सांगण्यासारखी आहे, कारण ती भुकेची गोष्ट आहे. हॉलंडमधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना युद्धाआधीपासूनच गव्हाचा संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात तिथे भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी असताना या आजाराची मुलं मात्र सुधारू लागली, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. डिके यांनी पुढे १९५०मध्ये आपल्या प्रबंधात गव्हाचा दोष मांडला.

भारतात हा आजार गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेत अधिक आढळतो, दक्षिणेत कमी. आपण भात-भाकरीवाले, म्हणून आपल्याकडे तो चटकन कुणाच्या मनात येत नाही. पण मुंबईच्या जेवणात आता भाकरी किती आणि पाव-चपाती किती, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

घरी आल्यावर मी स्वयंपाकघर उपसलं. मैदा, रवा, दलिया, शेवया गेल्या. हलीम आणि खिचडा गेला, त्यात गहू असतो. जवाचं सातू गेलं. सोया सॉस गेला, तोही बहुधा गव्हाचा. सर्वांत मोठा धक्का हिंगाच्या डबीनं दिला. बांधणी हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे मला चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हतं. बेसनाची भजी चालतील म्हणावं, तर ती समोशाच्याच तेलात तळलेली. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं असेल तर एका किलोत ग्लुटेन वीस मिलिग्रॅमच्या वर नको, असा आपल्या देशातला नियम आहे. वीस मिलिग्रॅम म्हणजे चिमूटसुद्धा नव्हे.

पिठाचा प्रश्न उरला. ज्वारी घेऊन गिरणीत गेले. गिरणीवाल्या काकांना ग्लुटेन समजावून सांगताना मी अर्धा तास घालवला असेल. ते ऐकत होते, मान डोलवत होते आणि गव्हावरच ज्वारी ओतायला निघाले होते. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या आमच्या मजल्यावरच्या सावंतकाकू म्हणाल्या, “अहो, उपवासाचं दळण समजा ना!” काकांचा हात थांबला. “असं सांगा की भाभी. उपवासाचं मी सकाळी पहिलं घेतो, जातं पुसून.”

कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या मला जे जमलं नाही, ते उपवास या एका शब्दानं केलं. गव्हाचा कण लागू द्यायचा नाही, भांडं वेगळं, दळण वेगळं, ही शिस्त शेजारच्या घरांत एकादशीला पिढ्यान्‌पिढ्या पाळली जात होती. राजगिरा, वरी, शिंगाड्याचं पीठ, साबुदाणा ही सगळी मुळात ग्लुटेन नसलेली. त्या वर्षी माझ्या मुलीनं कितीतरी रोजे खजुरानंतर काकूंच्या साबुदाणा खिचडीनं सोडले. एकादशीचं अन्न इफ्तारला आलं आणि आमच्या जिन्यावर कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. गिरणीच्या हवेतच गव्हाचं पीठ असतं, म्हणून पुढे डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरघंटी घेतली. पण सुरुवात त्या जात्यावर झाली.

सगळंच असं गोड झालं नाही. एका नातेवाइकांकडे इफ्तारला तिच्या पुढ्यात समोसा आला. “एकानं काय होतंय, रोजेदाराला नाही म्हणू नये,” असं प्रेमानं म्हटलं गेलं. तिनं भिडेखातर खाल्ला. दोन दिवस ती अंथरुणात पोट धरून होती. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत खुद्द कुराणात आहे. अल्लाहनं दिलेली सवलत आपण नातेवाईक मात्र समोशापुरतीही देत नाही, हे मी त्या रात्री पहिल्यांदा मोठ्यानं बोलले.

ईदचा शीरखुर्मा हा शेवटचा गड होता. शेवयांशिवाय शीरखुर्मा कसा? तोही काकूंनीच सोडवला. मालवणकडे तांदळाच्या उकडीच्या शिरवळ्या सोऱ्यातून पाडतात आणि नारळाच्या गोड रसात खातात. काकूंनी सोऱ्या आणला, आम्ही दोघींनी घाम गाळत शिरवळ्या पाडल्या आणि दूध, खारीक, चारोळी घालून शीरखुर्मा केला. घोटायला गेलं की तुटतात, म्हणून अलगद सोडाव्या लागतात. पहिला वाडगा मुलीनं घेतला, दुसरा काकूंनी. आता घरात सगळ्यांसाठी तोच होतो.

यंदा ती तेरा वर्षांची आहे. उंची वाढली, रक्त वाढलं, डॉक्टरांना विचारून झेपतील तेवढे रोजे धरते. परवा ईदच्या फित्र्याचा विषय निघाला. आसपासच्या मशिदींत फित्र्याची रक्कम गव्हाच्या भावानं जाहीर होते. ती म्हणाली, “अम्मी, जे मी खाऊच शकत नाही, ते माझ्या नावानं दुसऱ्याला द्यायचं?”

मला माझी दादी आठवली. आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी, शाफई मसलकचे. आमच्यात जिथलं जे मुख्य अन्न, त्यातून माणशी एक साअ, म्हणजे अडीच किलोच्या आसपास, फित्रा काढतात. दादी प्रत्येकाच्या नावानं तांदूळ मापून वेगळे ठेवायची. मुंबईत येऊन आम्ही सोयीनं रक्कम देऊ लागलो आणि ते माप विसरलो. या ईदला मुलीच्या नावानं तांदूळच जातील. ते ज्या घरी पोहोचतील, तिथेही एखादं न वाढणारं, थकलेलं मूल असेल आणि त्याच्या आईला कारण माहीत नसेल, असं होऊ शकतं.

म्हणून दोन गोष्टी सांगून थांबते. घरात कुणाचा अ‍ॅनिमिया औषधानं हटत नसेल किंवा मूल वाढत नसेल, तर डॉक्टरांना सीलिअ‍ॅकच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. तपासणी होईपर्यंत गहू मात्र बंद करू नका, नाहीतर आजार तपासणीत लपतो. निदान झालं, तर सख्ख्या भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करून घ्या. दुसरी गोष्ट सोपी आहे. शेजारी ताट पाठवण्याआधी एकदा विचारा, “तुमच्याकडे काय चालतं?” ताट परत येण्यापेक्षा हा प्रश्न केव्हाही चांगला.